फोन अपडेट झाला आणि शुगरचा अलार्म गप्प झाला: दर वेळच्या या दुखण्यावर काय करायचं

तक्रार दर वेळी तीच असते, फोनची कंपनी तेवढी बदलते. सकाळी उठून बघावं तर साखर मोजणाऱ्या सेन्सरच्या अ‍ॅपमध्ये रात्री अडीचनंतर आलेखच नाही, नुसती कोरी जागा. किंवा आलेख आहे, त्यात साखर 58 पर्यंत उतरून परत वर आलेली दिसते, पण रात्री अलार्म ऐकल्याचं घरात कुणालाच आठवत नाही. विचारपूस केली की कळतं, काल फोनचं अपडेट झालं होतं. मग ठरलेलं वाक्य येतं: "आता या फोनला अपडेटच करायचं नाही."

वाक्य मनापासूनचं असतं, पण उपाय म्हणून ते चालत नाही. का, ते पुढे येईलच. मुळात दोष अपडेटमध्येच आहे असं क्वचित निघतं. अपडेटने फोनमध्ये काय काय हललं हे न तपासता आपण त्याच फोनच्या भरवशावर झोपतो, तिथे घात होतो. म्हणून खालच्या सगळ्या लिखाणाचा रोख अपडेटनंतरच्या पहिल्या रात्रीवर आहे.

मी मुख्यतः ग्लुकोज सेन्सरबद्दल लिहितोय, म्हणजे दंडावर चिकटवायचा लिब्रेसारखा सेन्सर किंवा इन्सुलिन पंपाबरोबर येणारा. टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलांच्या घरी रात्रीची राखण आता बऱ्याच ठिकाणी तोच करतो, आणि बहुतेकांचा अलार्म फोनमधूनच वाजतो. पेसमेकरवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे. इन्सुलिनचा डोस हा तुमच्या डॉक्टरांचा विषय, त्यात मी पडत नाही.

आधी हे बघा: अपडेट नक्की कशाचं झालं?

"फोन अपडेट झाला" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी असतात आणि चौघींचा धोका सारखा नाही.

पहिली म्हणजे सिक्युरिटी पॅच. अँड्रॉइडसाठी गूगल ठरावीक काळाने सुरक्षेच्या दुरुस्त्या जाहीर करतं आणि फोन कंपन्या त्या आपापल्या वेगाने पाठवतात. स्वस्त मॉडेलांना दोन-तीन महिन्यांतून एकदा मिळतात. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'खाली अँड्रॉइड व्हर्जन उघडलं की पॅचची तारीख दिसते. यात सहसा दिसण्या-वागण्यातलं काही बदलत नाही. अ‍ॅप बिघडण्याची शक्यता सगळ्यात कमी इथे.

दुसरी म्हणजे मोठं व्हर्जन, अँड्रॉइड 14 वरून 15 किंवा आयओएस 17 वरून 18. इथे परवानग्यांचे नियम बदलतात, बॅटरी वाचवण्याची पद्धत बदलते, ब्लूटूथचं वागणं बदलतं. सेन्सर कंपनीने त्या व्हर्जनवर अ‍ॅप तपासून बघेपर्यंत थांबावं लागतं ते इथेच.

तिसरी, गूगल प्ले सिस्टिम अपडेट. अँड्रॉइड 10 पासून फोनचे काही आतले भाग प्ले स्टोअरच्या वाटेने वेगळे अपडेट होतात. ते गुपचूप उतरतात आणि पुढच्या रीस्टार्टला लागू होतात. "मी तर काहीच अपडेट केलं नव्हतं" असं जे लोक शपथेवर सांगतात, त्यांच्यातले काही खरं बोलत असतात ते यामुळे.

चौथी म्हणजे सेन्सरच्या अ‍ॅपचं स्वतःचं अपडेट. याला लोक निरुपद्रवी समजतात. अमेरिकेत 2024 मध्ये टँडम कंपनीच्या इन्सुलिन पंपाच्या आयफोन अ‍ॅपचं 2.7 व्हर्जन मागे घ्यावं लागलं. अ‍ॅप मधेच बंद पडायचं, आयफोन ते परत सुरू करायचा, परत बंद पडायचं. या प्रत्येक फेरीत पंपाशी ब्लूटूथवर बोलणं व्हायचं आणि पंपाची बॅटरी भराभर उतरायची. पंप बंद म्हणजे इन्सुलिन बंद. 15 एप्रिल 2024 पर्यंत कंपनीकडे 224 जणांना इजा झाल्याच्या नोंदी होत्या. दुरुस्ती 2.7.1 मध्ये आली. इथे दोष अ‍ॅपचा होता आणि सुटका पुढच्या अपडेटनेच झाली, हे "अपडेटच नको" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

अलार्म गप्प का होतो

सगळ्यात जास्त फसवणारं कारण आधी सांगतो, कारण ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

फोन विचारतो: आता अपडेट करू की आज रात्री? दिवसा फोन कुणाला सोडवत नाही, त्यामुळे 'आज रात्री'वर बोट जातं. रात्री दोन ते चारच्या सुमारास फोन स्वतःला अपडेट करतो, रीस्टार्ट होतो आणि पिन मागत उभा राहतो. रीस्टार्टनंतर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत, आयफोन असो की अँड्रॉइड, फोनमधला बहुतेक डेटा कुलूपबंद असतो. बोटाचा ठसासुद्धा तेव्हा चालत नाही. बहुतेक अ‍ॅप या अवस्थेत सुरूच होत नाहीत, तुमचं सेन्सरचं अ‍ॅपही नाही. म्हणजे फोन चालू, स्क्रीनवर घड्याळ दिसतंय, चार्जिंग चालू, आणि राखण करणारं कुणी नाही. त्यातून अँड्रॉइडवर घड्याळाचं अ‍ॅप या अवस्थेतही चालावं अशी खास सोय केलेली आहे. सकाळी सहाचा गजर वेळेवर वाजतो आणि रात्रभर फोन नीट होता अशी आपली खात्री पटते.

वर आणखी एक. लिब्रेसारखा सेन्सर मागच्या 8 तासांचं मोजमाप स्वतःमध्ये साठवून ठेवतो. सकाळी तुम्ही पिन टाकून सेन्सर स्कॅन केलात की साठवलेलं सगळं फोनमध्ये येतं आणि आलेख अखंड दिसतो, जणू रात्रभर अ‍ॅप जागंच होतं. अलार्म न वाजल्याचा मागमूस राहत नाही. आलेख पूर्ण आहे म्हणून अलार्मही चालू होता असं कधीही धरू नका.

दुसरं कारण बॅटरी. अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून, फोनमध्ये 'डोझ' नावाची व्यवस्था आहे. फोन चार्जरवर नाही, हलत नाही आणि स्क्रीन बंद आहे, असं काही वेळ झालं की फोन मागे चालणाऱ्या अ‍ॅपची कामं रोखून धरतो. रात्री उशाशी पडलेला फोन म्हणजे हीच अवस्था. यावर प्रत्येक कंपनीने स्वतःचा थर चढवलाय. सॅमसंगमध्ये 'स्लीपिंग अ‍ॅप्स' आणि 'डीप स्लीपिंग अ‍ॅप्स' अशा याद्या आहेत. शाओमीमध्ये 'ऑटोस्टार्ट' दिलं नाही तर रीस्टार्टनंतर अ‍ॅप आपण होऊन उठत नाही. रिअलमी, ओप्पो, विवो यांचीही अशीच बटणं वेगळ्या नावांनी आहेत. मोठ्या अपडेटनंतर ही सेटिंग्ज कधी पूर्वपदावर जातात, कधी त्यांची जागा आणि नाव बदलतं.

तिसरं, परवानग्या. पूर्वी अँड्रॉइडवर ब्लूटूथने आसपासचं उपकरण शोधायला लोकेशनची परवानगी लागायची. अँड्रॉइड 12 मध्ये 'निअरबाय डिव्हायसेस' ही वेगळी परवानगी आली. अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशन पाठवायलाही अ‍ॅपला परवानगी मागावी लागते. मोठ्या अपडेटनंतर पडद्यावर एकामागून एक प्रश्न येतात आणि घाईत एखाद्याला 'डोन्ट अलाउ' दाबलं जातं. आजोबांच्या फोनवर तर हमखास, कारण "काही विचारलं तर नाही म्हणा" हे सायबर फसवणुकीपायी आपणच त्यांना शिकवलेलं असतं.

चौथं कारण आवाजाचं आहे. डू नॉट डिस्टर्ब, आयफोनवरचा फोकस, किंवा कानातले ब्लूटूथ इअरफोन. इअरफोन डबीत ठेवल्यासारखे वाटतात पण जोडलेलेच राहतात, आणि अलार्म त्या डबीत वाजतो.

आणि पाचवं, अ‍ॅप खरोखरच नव्या व्हर्जनवर चालत नाही. लोकांचा पहिला संशय यावर जातो. मी याला शेवटचा नंबर देतो.

हे माझ्या पदरचं नाही. अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने 5 फेब्रुवारी 2025 ला नेमक्या याच विषयावर इशारा काढला. फोनच्या सेटिंग्जमुळे मधुमेहाच्या उपकरणांचे अलार्म मिळाले नाहीत किंवा ऐकू आले नाहीत, अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. बंद असलेल्या नोटिफिकेशन परवानग्या, डू नॉट डिस्टर्ब, गाढ झोपेत गेलेलं अ‍ॅप, नवे जोडलेले इअरफोन किंवा गाडीचा ऑडिओ, आणि अ‍ॅप ज्याला तयार नाही असं ओएसचं, म्हणजे फोनच्या मूळ प्रणालीचं, अपडेट, हीच कारणं त्यांनी दिली. ऑटोमॅटिक ओएस अपडेट बंद ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी अलार्मची सेटिंग्ज तपासा, असंही सांगितलं. अपडेट करूच नका असं त्यात कुठेही नाही.

अपडेटच्या आधी

ऑटोमॅटिक अपडेट बंद करा, हे पहिलं. आयफोनवर जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, ऑटोमॅटिक अपडेट्स या वाटेने गेलात की मिळेल. छोट्या सुरक्षा दुरुस्त्यांचं बटण वेगळं असतं. ते चालू राहू द्यायला हरकत नाही, फक्त त्यांनी रीस्टार्ट मागितला तर तो दिवसाउजेडी उरका. सॅमसंगवर सॉफ्टवेअर अपडेटमध्येच वायफायवरून आपोआप डाउनलोड होण्याचं बटण आहे, ते बंद करा. सॅमसंगच्या काही फोनमध्ये ठरावीक वेळी स्वतःहून रीस्टार्ट होण्याची सोयही असते. ती या फोनवर नको. यूट्यूबवर डेव्हलपर ऑप्शन्स, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीची लपवलेली सेटिंग्ज, चालू करून अपडेट रोखायची युक्ती सांगतात. ती सरसकट करू नका, कारण काही पंपांची अ‍ॅप डेव्हलपर ऑप्शन्स चालू असले की कामच करत नाहीत.

प्ले स्टोअरमध्ये सेन्सरच्या अ‍ॅपच्या पानावर वरच्या तीन टिंबांत 'एनेबल ऑटो अपडेट' असतं, तिथली टिक काढली की फक्त त्या एका अ‍ॅपचं आपोआप अपडेट थांबतं. आयफोनवर ही सोय एकेका अ‍ॅपसाठी नाही. सगळ्यांचं बंद करावं लागतं.

मग सेन्सर कंपनीच्या वेबसाइटवर चालणाऱ्या फोनांची यादी बघा. यादीत नुसतं 'अँड्रॉइड 15' बघून थांबू नका. तुमचं मॉडेल आणि ते व्हर्जन ही जोडी तिथे हवी. जोडी नसेल तर मोठं व्हर्जन थांबवा. सिक्युरिटी पॅचसाठी मात्र मी येत्या सुट्टीच्या दिवसापलीकडे थांबत नाही. मोठं व्हर्जन टाळूनही सुरक्षा घेता येते हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. 16 सप्टेंबर 2024 ला आयओएस 18 आलं त्याच दिवशी अ‍ॅपलने 17 वर थांबलेल्यांसाठी 17.7 दिलं होतं. अशी मुभा कायमची नसते, पण सेन्सर कंपनीला तयारीला वेळ मिळतो तेवढा आपल्यालाही मिळतो.

बीटा, म्हणजे चाचणीसाठी आधी सोडलेलं व्हर्जन, मात्र या फोनवर कधीच नको. घरात एखादा हौशी भाचा असेल तर त्याला आधीच बजावून ठेवा.

आता वेळ कोणती निवडायची. माझं मत: सुट्टीच्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर, मूल घरात असताना, आणि सेन्सर शेवटाला आलेला असताना. चौदा दिवसांचा सेन्सर असेल तर बाराव्या-तेराव्या दिवशी. अपडेटनंतर जोडणी तुटलीच आणि सेन्सर वाया गेला तर नुकसान फार तर दोन-तीन दिवसांचं होतं, काही हजारांच्या पूर्ण सेन्सरचं नाही. शिवाय नवा सेन्सर तपासून घेतलेल्या फोनवर लागतो. नवीन सेन्सर लावल्याच्या दिवशीच अपडेट करणं सगळ्यात वाईट, कारण रीडिंग विचित्र आलं तर दोष सेन्सरचा की फोनचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

बसण्याआधी जवळ काय हवं: ग्लुकोमीटर, मुदत न संपलेल्या स्ट्रिप्स, अ‍ॅपचा लॉगिन आयडी आणि पासवर्ड, फोनचा पिन. शेवटच्या दोन गोष्टी हास्यास्पद वाटतील, पण रोज बोटाच्या ठशाने फोन उघडणाऱ्या कित्येकांना पिन ऐन वेळी आठवत नाही. अ‍ॅपमधल्या अलार्मच्या प्रत्येक पानाचा आणि फोनमधल्या त्या अ‍ॅपच्या परवानग्यांचा स्क्रीनशॉट काढा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. त्याच फोनमध्ये ठेवलेत तर फोनच उघडला नाही तेव्हा ते दिसणार कुठे?

अपडेट चालू असताना आणि लगेच नंतर

फोनला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. सुरू करण्याआधी एकदा बोट टोचून साखर बघा. खाली चाललेली असेल, नुकताच इन्सुलिनचा मोठा डोस झाला असेल, तर आज अपडेट नाही. पंप असेल तर आधी माहिती करून घ्या की तुमचा पंप सेन्सरशी थेट बोलतो की फोनमधून. मिनीमेड 780जी सारख्या पंपात सेन्सरचे आकडे थेट पंपात जातात, फोन फक्त दाखवतो. फोन बंद असला तरी पंपाचं काम आणि पंपाचे अलार्म चालू राहतात.

फोन उठला की पिन टाका आणि सेन्सरचं अ‍ॅप हाताने उघडा. ते आपण होऊन उघडेल अशी वाट बघू नका. अ‍ॅप काही विचारत असेल तर प्रत्येक प्रश्न वाचून होकार द्या. मग स्क्रीनशॉट समोर ठेवून एकेक जुळवा. अँड्रॉइडवर अ‍ॅप इन्फोमध्ये बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' हवी, शाओमीवर 'नो रिस्ट्रिक्शन्स' आणि ऑटोस्टार्ट चालू, सॅमसंगवर 'नेव्हर ऑटो स्लीपिंग अ‍ॅप्स'च्या यादीत अ‍ॅपचं नाव. अ‍ॅप वापरात नसेल तर परवानग्या काढून घेण्याचं बटण बंद. नोटिफिकेशनमध्ये आत शिरून अलार्मचा प्रत्येक प्रकार चालू आहे का ते बघा. वरचं मुख्य बटण हिरवं आणि आत 'लो ग्लुकोज'चं बटण बंद, असंही असतं. आयफोनवर 'क्रिटिकल अलर्ट्स' चालू हवेत, कारण फोन सायलेंटवर किंवा फोकसमध्ये असताना आवाज करण्याची मुभा त्यांनाच असते.

आणि अ‍ॅप वर सरकवून बंद करण्याची सवय असेल तर ती सोडा. आयफोनवर असं बंद केलेलं अ‍ॅप तुम्ही परत उघडेपर्यंत ब्लूटूथचं ऐकत नाही.

कसोटी

सेटिंग्ज बरोबर दिसणं आणि अलार्म वाजणं यात अंतर आहे. अलार्म प्रत्यक्ष वाजवूनच बघायचा.

लिब्रे 2 मध्ये हाय अलार्मची मर्यादा 120 पासून 400 पर्यंत ठेवता येते. दुपारच्या जेवणाआधी साखर 120 च्या खाली असेल तर मर्यादा तात्पुरती 120 वर आणा. फोन सायलेंटवर टाका, स्क्रीन बंद करा, चार्जर काढा आणि टेबलावर ठेवून द्या. कुणी हात लावायचा नाही. हातात धरून, दर दोन मिनिटांनी स्क्रीन उघडून केलेली कसोटी काहीच सिद्ध करत नाही, कारण हलणाऱ्या, उघड्या फोनवर डोझ येतच नाही. वरणभात पोटात गेल्यावर साखर 120 ओलांडेलच. तेव्हा फोन वाजला पाहिजे. वाजला की मर्यादा लगेच मूळ जागी आणा. हे विसरलात तर दिवसभर फोन ओरडत राहील आणि वैतागून कुणीतरी अलार्मच बंद करून टाकेल, मग केलेली सगळी मेहनत पाण्यात.

दुसरी कसोटी सिग्नल तुटल्याच्या अलार्मची. मला ती पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते, कारण बाकी काहीही बिघडलं तरी ही शेवटची हाक असते. फोन तिसऱ्या मजल्यावर घरात ठेवा आणि मुलाला खाली खेळायला पाठवा. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या, सोबत मोठं माणूस. लिब्रे 2 ची हद्द मोकळ्या जागेत सुमारे 6 मीटर असते, भिंती आल्या की आणखी कमी. 20 मिनिटं सेन्सरचा पत्ता लागला नाही की घरातला फोन कोकलला पाहिजे. पंचवीस मिनिटं झाली तरी शांतता असेल तर बॅटरीच्या सेटिंगपासून परत सुरुवात करा. मूल वर आल्यावर जोडणी आपोआप परत येते का तेही बघून घ्या.

आता पहिली रात्र. फोन चार्जरवर ठेवा. चार्जरवर असताना डोझ लागत नाही. दुसऱ्या फोनवर किंवा साध्या घड्याळावर मध्यरात्रीनंतरचा एक गजर लावा आणि उठून बघा: रीडिंग ताजं आहे का, शेवटचं कधी आलंय. शंका आली तर बोट टोचा. लिब्रेलिंकअप किंवा केअरलिंक कनेक्टसारखं मुलाचे आकडे दुरून दाखवणारं पाठराखणीचं अ‍ॅप आईबाबांच्या फोनवर असेल तर उत्तम, पण एक ध्यानात असू द्या: ते अ‍ॅप मुलाच्या फोनवर आणि इंटरनेटवर जगतं. मुलाचा फोन पिन मागत बसला असेल तर तुमच्या फोनवरही शांतताच असेल, आणि ती शांतता 'सगळं ठीक' सारखीच दिसते.

जोडणी परत येतच नसेल तर

ब्लूटूथ बंद-चालू करा. फोन रीस्टार्ट करा, पिन टाका, अ‍ॅप उघडा. थोडा वेळ द्या. बहुतेकदा इथवरच मिटतं.

न मिटल्यास काय करू नये ते जास्त महत्त्वाचं. अ‍ॅप अनइन्स्टॉल करून परत टाकू नका. बँकेच्या अ‍ॅपला हा उपाय लागू पडतो म्हणून इथेही पडेल असं वाटतं, पण बऱ्याच सेन्सरच्या अ‍ॅपमध्ये त्यामुळे चालू सेन्सर तिथेच संपतो. 'क्लिअर डेटा' तेच करतं. नेटवर्क सेटिंग्ज रीसेट केल्या की ब्लूटूथच्या सगळ्या जोड्या पुसल्या जातात. ब्लूटूथच्या यादीतून सेन्सर किंवा पंप 'फरगेट' करणं कंपनीच्या माणसाने सांगितल्याशिवाय नको. आणि कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात नेऊन "सॉफ्टवेअर मारून द्या" हे तर मुळीच नको. तो बिचारा त्याच्या ज्ञानाप्रमाणे फोन कोरा करून देईल, किंवा बूटलोडर, म्हणजे फोनच्या मूळ सॉफ्टवेअरचं कुलूप, उघडेल. असे फेरफार केलेल्या फोनवर वैद्यकीय अ‍ॅप बहुधा चालायला नकार देतात.

लिब्रेचा वेगळा रीडर, म्हणजे फोनशिवाय सेन्सर वाचणारं छोटं यंत्र, घरात असेल तर आत्ताच माहीत असू द्या की फोनने सुरू केलेल्या लिब्रे 2 सेन्सरला रीडर मधेच जोडता येत नाही. रीडर पुढच्या सेन्सरला उपयोगी.

कंपनीच्या मदत केंद्राला फोन करा आणि उत्तर मिळेपर्यंत बोट टोचणं हाच खरा आधार धरा. घाम, थरथर, चिडचिड दिसतेय आणि अ‍ॅप 110 म्हणतंय, तर अ‍ॅपवर विश्वास न ठेवता ग्लुकोमीटरवर ठेवा. तसंही सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते.

अपडेट न करण्याचा हट्ट

ब्लूटूथमध्ये सुरक्षेची भोकं सापडली की एरवी सल्ला मिळतो: पॅच येईपर्यंत ब्लूटूथ बंद ठेवा. 2017 मध्ये ब्लूबॉर्न नावाचा दोष उघड झाला तेव्हा हेच सांगितलं गेलं. त्यात हल्लेखोराला फोनशी जोडी करण्याचीही गरज नव्हती. ब्लूटूथ चालू आहे एवढं पुरत होतं. आता सेन्सर वापरणारं घर ब्लूटूथ बंद कसं ठेवणार? चोवीस तास, शाळेत, एसटीत, लग्नाच्या हॉलमध्ये ते चालूच असतं. बाकीच्यांना निदान बटण बंद करण्याचा पर्याय आहे, आपल्याला पॅच सोडून दुसरा नाही. मार्च 2020 मध्ये एफडीएने स्वीनटूथ नावाच्या दोषांबद्दल सांगितलं, ते तर ब्लूटूथच्या चिपांमधले होते आणि पेसमेकर, ग्लुकोज मॉनिटर, इन्सुलिन पंप यांना लागू शकत होते. त्याच फोनवर यूपीआय आहे, बँक आहे, मुलाचे रिपोर्ट आहेत.

दुसरं म्हणजे अपडेट थांबवून अ‍ॅप सुरक्षित राहत नाही. सेन्सर कंपन्या जुन्या ओएसचा पाठिंबा काढून घेतात. मग एके दिवशी अ‍ॅपच सांगतं, तुमचं व्हर्जन चालणार नाही, आणि दोन वर्षांची अपडेट एका रात्रीत करायची वेळ येते. म्हणून फोन घेतानाच दोन गोष्टी बघा: सेन्सर कंपनीच्या यादीत मॉडेल आहे का, आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार. पिक्सेल 8 आणि गॅलॅक्सी एस24 पासून त्या मालिकांना 7 वर्षांचं आश्वासन आहे. कमी किमतीच्या बऱ्याच फोनना त्याच्या निम्मंही नसतं.

अमेरिकेतल्या मावशीने पाठवलेला आयफोन असेल तर आणखी एक. लिब्रेची अ‍ॅप देशागणिक वेगळी असतात. अ‍ॅप स्टोअरचं खातं अमेरिकेचं राहिलं तर तिथलं अ‍ॅप उतरतं आणि इथला सेन्सर त्याच्याशी बोलत नाही. खात्याचा देश आधी भारत करून घ्या.

घरातला जुना फोन राखीव म्हणून कपाटात ठेवला असेल तर तोही याच फेऱ्यात आहे. आयओएस 18.1 पासून आयफोन तीन दिवस न उघडता पडून राहिला तर स्वतःहून रीस्टार्ट होतो. 2025 मध्ये अँड्रॉइडलाही तशी सोय आली. चोरीच्या दृष्टीने चांगलं आहे, पण राखीव फोन काढल्यावर आधी पिन टाकायची आठवण हवी.

पेसमेकरवाल्यांसाठी

इथे घाबरण्याचं कारण बरंच कमी आहे. पेसमेकर हृदयाला चालना देतो ती स्वतःच्या बॅटरीवर आणि स्वतःच्या सॉफ्टवेअरवर. फोनमधलं अ‍ॅप फक्त नोंदी दवाखान्याला पोचवतं. फोन अपडेटने पेसमेकर अपडेट होत नाही. त्याचं अपडेट ही निराळी गोष्ट आहे: ऑगस्ट 2017 मध्ये सुरक्षेच्या दोषापायी अमेरिकेत अ‍ॅबटच्या सुमारे 4,65,000 पेसमेकरांसाठी अपडेट आलं, तेव्हा प्रत्येकाला दवाखान्यात जाऊन, डॉक्टरांसमोर, तीनेक मिनिटांत ते करून घ्यावं लागणार होतं. फोन अपडेट केल्यावर तुम्ही एवढंच बघायचं की अ‍ॅपमध्ये शेवटच्या ट्रान्समिशनची, म्हणजे नोंदी पाठवल्याची, तारीख पुढे सरकतेय का. नसेल सरकत तर दवाखान्यातल्या डिव्हाइस क्लिनिकला कळवा.

तक्रार कुठे करायची

लोक कंपनीच्या मदत केंद्रावर चिडतात, प्ले स्टोअरवर एक तारा देतात आणि सोडून देतात. भारतात 1 एप्रिल 2020 पासून सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत धरलं जातं, आणि उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद घेणारा मटेरियोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया 2015 पासून चालू आहे. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्याची सूत्रं आहेत. तिथे डॉक्टरच नव्हे, रुग्ण आणि नातेवाईकही कळवू शकतात. अलार्म न वाजल्याने साखर खाली गेली असेल तर तेही कळवण्याजोगंच आहे. कळवताना फोनचं मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसचं व्हर्जन, पॅचची तारीख, अ‍ॅपचं व्हर्जन, सेन्सरचा क्रमांक, अपडेट कधी झालं आणि शेवटचा अलार्म कधी वाजला होता, एवढं लिहा. सोबत ग्लुकोमीटरचं त्या वेळचं रीडिंग, आणि अपडेटच्या आधीचे व नंतरचे स्क्रीनशॉट जोडा.